चाकं चोवीस, पण जाळ एकच

1914 साली अमेरिकेत एरी रेल्वेच्या रुळांवर बाल्डविन कारखान्याचं एक अजस्र इंजिन उतरलं. नाव ‘मॅट एच. शे’. त्याला चोवीस चालक चाकं, म्हणजे वाफेच्या जोरानं फिरणारी चाकं होती आणि सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 36 इंच. चालक चाकांचे दोन संच बॉयलरखाली होते. तिसरा होता टेंडरखाली, म्हणजे कोळसा-पाणी वाहणाऱ्या मागच्या भागाखाली. चाचणीत या इंजिनानं अडीचशे भरलेल्या वाघिणींची, दीड मैलाहून लांब मालगाडी एकट्यानं ओढून दाखवली. एवढा पराक्रम करूनही एरीनं अशी तीनच इंजिनं घेतली. व्हर्जिनियन रेल्वेनं याच धर्तीचं आणखी एक बनवून घेतलं आणि या जातीचा वंश तिथेच संपला.

असं का झालं ते समजायला आधी इतकी चाकं लागतातच कशाला ते पाहू. पोलादी चाकाची पोलादी रुळावर पकड जेमतेमच असते. चालक चाकांवर जेवढं वजन पडतं, त्याच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढंच बळ चाक न घसरता लावता येतं. शंभर टन वजन असेल तर ओढ पंचवीस टनांची. त्याहून जास्त जोर लावला की चाकं जागच्या जागी गरगरतात. मग वजन वाढवावं म्हटलं, तर एका आसावर, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर, किती भार टाकायचा याला रूळ आणि पूल मर्यादा घालतात. राहता राहिला एकच मार्ग, आसांची संख्या वाढवणं. पण एका ताठ चौकटीत ओळीनं आठ-दहा आस बसवले, तर घाटातल्या वळणावर ते इंजिन वळणारच नाही. माथेरानच्या छोट्या गाडीची जुनी वाफेची इंजिनं तर अवघ्या तीन आसांची होती. तरी तिथली वळणं इतकी अवघड, की टोकाच्या आसांना थोडं वळू देणारी क्लीन-लिंडनर रचना त्यांना द्यावी लागली. शेकडो टनांच्या इंजिनाला तेवढ्यानं भागत नाही. त्याची चौकटच तोडून सांध्यानं जोडावी लागते.

हा विचार जुना आहे. ऑस्ट्रियात सेमरिंगच्या घाटातून रेल्वे न्यायची ठरली, तेव्हा 1851 मध्ये इंजिनांची स्पर्धाच भरवली गेली. त्यातल्या ‘सेरेंग’ या इंजिनात दोन बॉयलर पाठीला पाठ लावून बसवले होते आणि खाली वळणाऱ्या दोन स्वतंत्र बोग्या, म्हणजे चाकं बसवलेल्या चौकटी होत्या. पुढे रॉबर्ट फेअरली यानं 1864 मध्ये अशाच रचनेचं पेटंट घेतलं. वेल्समधल्या फेस्टिनिओगच्या अरुंद रुळांवर त्याच्या इंजिनांनी मोठं नाव कमावलं. मात्र त्यांवर कोळसा-पाण्याला जागा अपुरी पडे आणि वळत्या बोगीपर्यंत वाफ नेणाऱ्या नळ्यांचे सांधे गळत. अनातोल मॅले या स्विस अभियंत्यानं त्यातून वाट काढली. त्यानं चाकांचा मागचा संच बॉयलरला पक्का जोडला आणि फक्त पुढचा वळता ठेवला. बॉयलरमधली ताजी, जास्त दाबाची वाफ आधी मागच्या सिलिंडरांत जाई आणि तिथून सुटलेली कमी दाबाची वाफ पुढच्या सिलिंडरांत. म्हणजे हलणाऱ्या सांध्यावर दाब कमीच यायचा. अमेरिकेनं ही रचना 1904 पासून उचलली आणि फुगवत नेली. सांता फे रेल्वेनं तर काही इंजिनांचा बॉयलरच मध्ये तोडून हार्मोनियमच्या भात्यासारख्या पोलादी घड्यांनी जोडला. त्या घड्यांत निखारे आणि राख साचू लागली आणि हा प्रयोग आवरता घ्यावा लागला.

आता पुन्हा ‘मॅट शे’कडे येऊ. वाफेच्या इंजिनातली मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट म्हणजे त्याचा श्वास. काम उरकून सिलिंडरमधून सुटलेली वाफ धुराड्याखालच्या तोटीतून वेगानं वर फेकली जाते. जाताना ती धूर ओढून नेते आणि मागे पोकळी तयार होते. ती भरायला फायरबॉक्सच्या, म्हणजे कोळसा जळतो त्या पेटीच्या, तळाच्या जाळीतून बाहेरची हवा आत घुसते आणि जाळ भडकतो. इंजिन जितकं जास्त राबेल तितकी जास्त वाफ सुटते, जाळ तितका पेटतो आणि नवी वाफ तितकी जास्त तयार होते. ना पंखा, ना मोटर. चढण लागली की आग आपोआप वाढते.

‘मॅट शे’मध्ये नेमका हा श्वासच निम्म्यावर आला. ताजी वाफ मधल्या दोन सिलिंडरांना मिळे. त्यातल्या एकाची सुटलेली वाफ पुढच्या जोडीला जाई, दुसऱ्याची मागच्या, टेंडरखालच्या जोडीला. पुढची वाफ रीतसर धुराड्यातून बाहेर पडे. मागची मात्र टेंडरच्या टोकाला असलेल्या नळीतून हवेत जाई. जाळ भडकवायच्या कामातून निम्मी वाफ बादच झाली. सहा सिलिंडरांची भूक प्रचंड, आणि जाळीचं क्षेत्रफळ जेमतेम 90 चौरस फूट. 1941 च्या प्रसिद्ध ‘बिग बॉय’ या अमेरिकी इंजिनाची जाळी सुमारे 150 चौरस फुटांची होती, आणि त्याला सिलिंडर चारच होते. त्यामुळे वेग ताशी पंधरा-सोळा किलोमीटरच्या वर नेला की वाफ संपू लागे. शिवाय कोळसा-पाणी संपत जाई तसं टेंडर हलकं होई आणि त्याखालची चाकं घसरत. मग या इंजिनांना सस्क्वेहाना गावाजवळच्या चढावर मालगाड्यांना मागून रेटायचं काम मिळालं. व्हर्जिनियननं आपल्या इंजिनाची तर 1920 मध्ये सरळ दोन वेगळी इंजिनं करून टाकली.

या सगळ्यावरचा अस्सल तोडगा हर्बर्ट विल्यम गॅरेट या इंग्रज अभियंत्यानं 1907 च्या पेटंटात मांडला होता. अमेरिकेनं त्याच्याकडे पाठ फिरवली, याची मला आजही हळहळ वाटते. गॅरेटनं चाकांचे दोन संच दोन टोकांना नेले, त्यांच्यावर पाण्याची टाकी आणि कोळसा ठेवला आणि बॉयलर दोघांच्या मध्ये अधांतरी टांगला. बॉयलरखाली चाकंच नाहीत, म्हणून तो हवा तेवढा जाड करता येतो. फायरबॉक्स रुंद आणि खोल होतो, खालून हवा मोकळी मिळते आणि दोन्ही टोकांची वाफ एकाच धुराड्यातून जाते. वळणावर बॉयलर वर्तुळाच्या जीवेसारखा आतल्या बाजूला येतो, त्यामुळे बाहेर फेकणाऱ्या बळापुढे इंजिन उलट अधिक स्थिर राहतं. कोळसा-पाणी संपताना पकड घटण्याचा दोष यातही होता, पण वाफेची ददात नव्हती.

मँचेस्टरच्या बायर पीकॉक कंपनीनं पहिलं गॅरेट इंजिन 1909 मध्ये टास्मानियासाठी बनवलं, तेही दोन फुटी रुळांचं, चिमुकलं. वीस वर्षांतच बंगाल-नागपूर रेल्वेनं ब्रॉडगेजसाठी सुमारे 234 टनी, सोळा चालक चाकांची गॅरेट इंजिनं आणली. ही रेल्वे जन्मली ती नागपूर-छत्तीसगड मार्ग ताब्यात घेऊन. या इंजिनांनी राबायचं मुख्यतः पूर्वेकडच्या कोळशाच्या आणि खनिजाच्या गाड्यांवर. त्यांतलं एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभं आहे. त्याच्या बाजूनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा, गॅरेटची कल्पना चित्राविना कळते.

या कुळातली माझी सर्वांत आवडती इंजिनं मात्र पूर्व आफ्रिकेतली. मोंबासा ते नैरोबी हा मार्ग समुद्रकाठापासून साडेपाच हजार फूट चढतो आणि तोही मीटरगेजवर. तिथे 1955-56 मध्ये ‘59 वर्गा’ची 34 गॅरेट इंजिनं आली. वजन 252 टन, नावं आफ्रिकेतल्या डोंगरांची. रुळांतलं अंतर सव्वातीन फुटांच्या आसपास आणि बॉयलरचा व्यास साडेसात फूट! दीड टक्क्याच्या चढावर ती 1200 टनी गाड्या ओढत. कोळशाऐवजी तेल जाळत, आणि त्यांच्या चालकांत शीखही होते.

पुढे डिझेल आणि वीज आली. प्रत्येक आसाला स्वतःची मोटर मिळाली, बोग्या मोकळेपणानं वळू लागल्या आणि वाफ वाहून नेणाऱ्या सांध्याचं दुखणंच उरलं नाही. वजनाचा आणि पकडीचा हिशेब मात्र तसाच राहिला. आजचं भारतीय रेल्वेचं 12,000 अश्वशक्तीचं डब्ल्यूएजी-12 इंजिनही आठ आसांचं, 180 टनी आहे आणि दोन भाग जोडून केलेलं आहे. त्याच्या देखभालीच्या डेपोंपैकी एक नागपुरात आहे.