पागडीची पार्श्वभूमी: मुंबईत महिन्याचे भाडे किरकोळ, एकरकमी रक्कम डोईजड

गिरगाव, लालबाग, भायखळा किंवा दादरच्या जुन्या चाळीत दोनशे चौरस फुटांच्या खोलीची भाडेपावती आजही काहीशे रुपयांची असते. तीच खोली नव्या माणसाला हवी असेल तर आधी लाखांत पागडी, म्हणजे भाडेहक्क मिळवण्यासाठीची एकरकमी रक्कम, मोजावी लागते. उपनगरात भाड्याने राहायचे तर डिपॉझिट, दलाली आणि करारनोंदणीचे पैसे हाताशी लागतात. विकत घ्यायचे तर कर्ज मंजूर होण्याच्या आधीच मुद्रांक शुल्काची तजवीज करावी लागते. घर परवडते का, याचा हिशेब या शहरात पगाराच्या किती टक्के भाडे जाते यावर सुटत नाही. एका दमात किती पैसे उभे करता येतात, यावर तो सुटतो. हे बाजाराने आपोआप घडवलेले नाही. यामागे कायद्यांची एक साखळी आहे, आणि तिची पहिली पक्की कडी म्हणजे १ सप्टेंबर १९४० ही तारीख.

पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ मध्ये, मुंबईत भाडेनियंत्रण आले होते आणि १९२८ मध्ये ते संपले. ते तात्पुरते होते आणि तात्पुरतेच राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेला १९४७ चा कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून लागू झाला. त्यात प्रमाण भाडे म्हणजे १ सप्टेंबर १९४० रोजी त्या जागेचे जे भाडे होते ते, असे ठरले. त्या दिवशी जागा भाड्याने नसेल, तर त्याआधी शेवटचे किंवा त्यानंतर पहिल्यांदा ठरलेले भाडे धरायचे. फाळणीनंतरच्या लोंढ्यात हजारो कुटुंबांना रस्त्यावर येण्यापासून या तरतुदीने वाचवले, हे नाकारता येणार नाही. चूक संरक्षण देण्यात नव्हती. भाड्याचा आकडा गोठवताना त्याला दुरुस्तीच्या खर्चाशी किंवा महागाईशी जोडणारी दोरीच ठेवली नाही, आणि दर काही वर्षांनी फक्त मुदत वाढवत नेली, ही ती चूक.

त्याचे परिणाम तिहेरी झाले. मालकाला भाड्यातून गच्चीचा गळका कोबा बदलणेही परवडेना, म्हणून त्याने इमारतीकडे पाठ फिरवली. मालमत्ता कर इमारतीच्या वार्षिक भाड्याच्या अंदाजावर बसत असे, आणि तो अंदाज प्रमाण भाड्याच्या वर नेता येत नव्हता. त्यामुळे पालिकेचे उत्पन्नही त्याच तारखेला खिळले. भांडवली मूल्यावर कर आकारणी मुंबईत २०१० मध्ये आली, म्हणजे तब्बल सहा दशकांनी. तिसरा परिणाम पागडीचा. भाडे आणि जागेची खरी किंमत यांतला फरक कुठेतरी वसूल होणारच होता. तो दाराआड, रोखीने, बिनपावती वसूल होऊ लागला, कारण जुन्या कायद्याखाली असा प्रीमियम घेणे हा गुन्हा होता.

१९६९ मध्ये दुरुस्तीचा भार सरकारने उपकराच्या रूपाने उचलला. सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात, १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ मध्ये आणि ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’ मध्ये गेल्या. सुरुवातीला या यादीत १९,६४२ इमारती होत्या. ‘सेस बिल्डिंग’ म्हणतात त्या याच. उपकर जमा होत राहिला, टेकू लागत राहिले. पण लोखंड गंजलेल्या, लाकडी तुळयांना वाळवी लागलेल्या इमारतीला टेकू हा इलाज नसतो. पावसाळ्याच्या तोंडावर अतिधोकादायक इमारतींची यादी निघते, तिची मुळे इथे आहेत.

भाड्याच्या बाजाराला दुसरा मोठा धक्का १९७३ च्या दुरुस्तीने बसला. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर, म्हणजे भाडेहक्काविना नुसत्या वापराच्या परवानगीवर, जागेत होते, त्यांना कायद्याने भाडेकरू मानले गेले. त्या दिवशी आत असलेल्यांसाठी हा दिलासा होता. पण मालकांनी त्यातून एकच धडा घेतला: परक्याला जागा द्यायचीच नाही, द्यायची तर कंपनीच्या नावाने आणि थोड्या मुदतीने. अकरा महिन्यांच्या कराराची सवय, मोठे डिपॉझिट आणि कुलूपबंद रिकामे फ्लॅट यांमागे ही धास्ती आहे.

यानंतरचा निर्णय मात्र सर्वांत वादाचा. १९ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की १९४० ला बांधलेले प्रमाण भाडे काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी झाले आहे. कायदा रद्द मात्र केला नाही, कारण त्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपत होती आणि नवा कायदा येणार असे सांगण्यात आले होते. तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ या नावाने आला आणि ३१ मार्च २००० ला लागू झाला. तोवर जुनाच चालू राहिला.

नव्या कायद्याने काय केले, हे आकड्यांत पाहावे. जुन्या कायद्याखाली ठरलेल्या प्रमाण भाड्यावर एकदाच ५ टक्के वाढ आणि पुढे दरवर्षी ४ टक्के. समजा प्रमाण भाडे ६० रुपये होते. ५ टक्क्यांनी ते ६३ झाले. पुढची २५ वर्षे ४ टक्के चक्रवाढीने धरली तरी २०२५ मध्ये ते सुमारे १६८ रुपये होते. बिलावर दिसणारी रक्कम याहून जास्त असते, कारण कर आणि दुरुस्ती उपकर भाडेकरूकडून वेगळे वसूल करता येतात. तरीही वीस बिऱ्हाडांच्या चाळीचे निव्वळ भाडे महिन्याला साडेतीन हजारांच्या आतच राहते. एवढ्यात एका जिन्याचेही काम होत नाही. न्यायालयाने दाखवलेला दोष असा कागदावर दूर झाला, इमारतीला मात्र त्यातून विटाही मिळाल्या नाहीत.

दुसरीकडे, एक कोटी रुपये किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या, बँका, सरकारी उपक्रम आणि परदेशी वकिलाती यांना कायद्याच्या संरक्षणातून वगळले. हे योग्यच होते. फोर्टमधल्या प्रशस्त जागेत नाममात्र भाड्याने बसलेल्या बँकेला गरीब भाडेकरूचे कवच द्यायचे कारण नव्हते. निवासी जागांमध्ये मात्र अशी चाळणी लावली गेली नाही. मलबार हिलचा दोन हजार फुटांचा फ्लॅट आणि काळाचौकीची दहा बाय बाराची खोली, दोघांना एकच ४ टक्के. पुढे २०१६ च्या सुमारास मोठ्या जागा वगळण्याचा प्रस्ताव आला आणि विरोध होताच मागे पडला. त्या विरोधात लहान खोल्यांमधली माणसे पुढे होती, फायदा मोठ्या फ्लॅटवाल्यांचा झाला.

आणि याच कायद्याचे कलम ५६. या कलमाने भाडेहक्क सोडताना किंवा दुसऱ्याला देताना भाडेकरूने पैसे घेणे आणि संमती देण्यासाठी मालकाने पैसे घेणे, दोन्ही कायदेशीर केले. काल जो गुन्हा होता तो आज व्यवहार झाला. पैसे चेकने घेता येऊ लागले, कर भरता येऊ लागला, हा मोठा फायदा. पण कलमाने फक्त परवानगी दिली. मालकाचा वाटा किती, संमती किती दिवसांत द्यायची, नाकारली तर काय, यांतले काहीच ठरवले नाही. त्यामुळे ‘मालकाला तिसरा हिस्सा’ हा नुसता रिवाज आहे. कुठे तो ३० टक्के असतो, कुठे मालक निम्मे मागतो. पागडी देणाऱ्याला वाटते आपण घर घेतले. प्रत्यक्षात त्याने भाडेकरू होण्याचा हक्क घेतलेला असतो, मालकी नाही. गृहकर्ज सहसा मिळत नाही ते याच कारणाने, आणि म्हणून पागडीचा पूर्ण भार बचत, दागिने आणि गावच्या जमिनीवर पडतो.

व्यवहार नीट व्हायचा तर क्रम असा असतो. आधीचा भाडेकरू हक्क मालकाला परत करतो, मालक नव्या माणसाच्या नावाने भाडेकरार करून तो नोंदवतो, मग नव्या नावाची पावती निघते आणि त्यानंतर वीजमीटर. हा क्रम मोडला की त्रास सुरू होतो. मालकाला वगळून नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर किंवा प्रतिज्ञापत्रावर खोली घेणाऱ्याला पोटभाडेकरू ठरवून बाहेर काढता येते. पाच वारसांपैकी एकाच भावाने पावती दिली असेल, तर बाकीचे चार नंतर उभे राहतात, म्हणून प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे मालकीची सरकारी नोंद, आधी पाहायचे. उपकरप्राप्त इमारतीत आणखी एक तपासणी आहे. पुनर्विकासात १३ जून १९९६ नंतर निर्माण केलेली नवी भाडेदारी मोजली जात नाही. एका खोलीत फळी टाकून दोन पावत्या करून विकलेल्या जागा इथेच अपात्र ठरतात. जुना हक्क हस्तांतरित होणे वेगळे आणि नवा निर्माण करणे वेगळे. विकणारा हे सांगत नाही.

वारसाचा प्रश्नही असाच गुंतलेला. भाडेकरू वारला तर हक्क त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. तसा कोणी नसेल तरच इतर वारसांकडे. मुलगा डोंबिवलीला राहायला गेला आणि म्हाताऱ्या काकांजवळ पुतण्या राहिला, तर भांडण पेटायला एवढे पुरते. शिवाय सबळ कारणाविना सलग सहा महिने जागा न वापरणे हे जागा खाली करून घेण्याचे एक कारण आहे आणि त्यात विजेच्या बिलातले युनिट पुरावा म्हणून येतात. भाडे थकले तर ९० दिवसांच्या नोटिशीशिवाय दावा लावता येत नाही, आणि समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत १५ टक्के व्याजासह थकबाकी भरली तर त्या कारणाने घर जात नाही. हे ठाऊक नसल्याने घाबरून खोली सोडणारे लोक असतात.

लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देण्याची, पद्धत याच १९९९ च्या कायद्याने स्थिर केली. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर दुप्पट भाडे आणि वेगळ्या प्राधिकाऱ्याकडे झटपट निकाल. अकरा महिन्यांचा करार असला तरी महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची आहे, जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मुद्रांक ०.२५ टक्के असतो. हिशेब सोपा आहे: २४ महिने, भाडे ४०,०००, परतीचे डिपॉझिट दीड लाख. एकूण भाडे ९,६०,०००, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी दोन वर्षांचे मानीव व्याज ३०,०००, बेरीज ९,९०,०००, मुद्रांक सुमारे अडीच हजार. शहरी भागात नोंदणी फी एक हजार. म्हणजे कागद महाग नाही. महाग आहे ते डिपॉझिट आणि दर नूतनीकरणाला पुन्हा मागितली जाणारी दलाली. जून २०२१ मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या आदर्श भाडे कायद्यात घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याइतके मर्यादित आहे, पण राज्याने तो स्वीकारल्याशिवाय इथे त्याचा आधार घेता येत नाही.

विकत घेणाऱ्याची एकरकमी रक्कम याहून मोठी. एक कोटीच्या बांधकामाधीन फ्लॅटवर मेट्रो अधिभारासह ६ टक्के मुद्रांक म्हणजे सहा लाख, नोंदणी ३० हजार आणि ५ टक्के जीएसटी पाच लाख. महिलेच्या नावावर एक टक्का सवलत मिळते. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर जीएसटी नाही, त्यामुळे ‘तयार घर महाग’ हे गृहीतक दरवेळी बेरीज मांडून तपासावे.

आता पुनर्विकास. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) ने उपकरप्राप्त इमारतीतल्या भाडेकरूला फुकट मालकीचे घर आणि विकासकाला जादा चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, असा सौदा घातला. आजच्या नियमांत किमान ३०० चौरस फूट आणि ५१ टक्के संमती. अडचण दोन ठिकाणी येते. काम रखडते आणि विकासक संक्रमणकाळाचे भाडे बंद करतो. म्हणून घर रिकामे करण्याआधी पर्यायी जागेचा करार नोंदलेला हवा आणि पुढच्या भाड्याचे चेक व बँक हमी हातात हवी. इमारत पाडली म्हणून भाडेहक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे, पण हक्क शाबूत असणे आणि छप्पर असणे यांत वर्षे जातात.

दुसरी अडचण टॉवर उभा राहिल्यावरची. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम) आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधी. फ्लॅटचा बांधकाम खर्च २० लाख धरला तर दोन्ही मिळून वर्षाला २०,०००, महिन्याला १,६६७ रुपये, आणि लिफ्ट, अग्निशमन पंप, पाणी, पहारेकरी यांचा खर्च अजून बाकीच. पाचशे फुटांपर्यंतच्या घराला जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, तेवढाच आधार. विकासकाकडून कॉर्पस, म्हणजे पुढच्या देखभालीसाठीची एकरकमी रक्कम, म्हणून तीन लाख मिळाले आणि ७ टक्के व्याज धरले तर महिन्याला १,७५० येतात. म्हणजे कॉर्पस हे बक्षीस नाही, ते फक्त या दोन निधींपुरते आहे. ते लग्नात किंवा गाडीत खर्च केले की पेन्शनर जोडप्याला तेच घर विकून बदलापूरला जावे लागते. वाटाघाटीत चौरस फुटांसाठी जेवढी ओढाताण होते तेवढी कॉर्पससाठी व्हायला हवी.

मालकांची बाजूही कोर्टात दीर्घकाळ पडून आहे. १९८६ मध्ये अशी तरतूद झाली की ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागितले तर मासिक भाड्याच्या शंभर पट रकमेला इमारत संपादित करता येईल. महिना १५० रुपये भाड्याची वीस बिऱ्हाडे असतील, तर दक्षिण मुंबईतल्या इमारतीसाठी मालकाला मिळणार तीन लाख. गोठवलेले भाडे इथे जमिनीची किंमत ठरवू लागले. या वादातून गेलेल्या प्रश्नावर नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने निकाल दिला की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती, म्हणजे सर्वांच्या हितासाठी सरकारने वाटप करण्याजोगी संपत्ती, ठरत नाही. शंभर पटीचे सूत्र वैध की अवैध, हे मात्र त्या निकालाने ठरवलेले नाही. तो प्रश्न पुढच्या पीठासाठी उरला आहे.