चेंडू कधी काढून घ्यायचा? बेसबॉलमधला जुना वाद

२७ ऑक्टोबर २०२०. टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला रात्र आणि आपल्याकडे २८ तारखेची सकाळ, चहाची वेळ. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेचा, सहावा सामना. लॉस एंजेलिस डॉजर्स मालिकेत ३-२ ने पुढे असले तरी या सामन्यात टॅम्पा बे रेजकडे १-० ची आघाडी होती, आणि ती सांभाळत होता त्यांचा डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा) ब्लेक स्नेल. नऊपैकी सहाव्या इनिंगपर्यंत त्याचे ७३ चेंडू झाले होते. नऊ स्ट्राइकआउट (बॅटरला चेंडू मारताच न आल्याने बाद), हिट (बेसवर पोहोचवणारे फटके) दोनच. त्यातली दुसरी नुकतीच पडली होती, शेवटच्या क्रमांकावरच्या ऑस्टिन बार्न्सची एक साधी सिंगल, एकाच बेसचा फटका. एवढ्यावर मॅनेजर केविन कॅश डगआउटमधून (संघाच्या बाकांवरून) निघाला आणि माउंडकडे, म्हणजे पिचरच्या उंचवट्याकडे, चालू लागला. तो येताना दिसताच स्नेल जे पुटपुटला ते छापण्यासारखं नव्हतं.

स्नेलच्या जागी निक अँडरसन आला. पुढच्याच बॅटरने, म्हणजे मूकी बेट्सने, डबल (दोन बेसचा फटका) मारली. मग एक चेंडू कॅचरच्या हातून निसटून मागे गेला आणि बरोबरी झाली. त्यानंतर कोरी सीगरने फर्स्ट बेसकडे घरंगळता चेंडू मारला, बेट्स धावत सुटला आणि घरी पोहोचला, म्हणजे धाव झाली. २-१. शेवटी ३-१. डॉजर्सना १९८८ नंतर पहिल्यांदा विजेतेपद मिळालं आणि रेजच्या चाहत्यांना आयुष्यभर पुरेल एवढा वाद.

क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाला या वादाचा दाह चटकन कळत नाही, म्हणून एक गोष्ट आधी सांगतो. कप्तान बुमराला दोन षटकं देतो, बाजूला ठेवतो आणि शेवटी परत बोलावतो. बेसबॉलमध्ये परत बोलावणं नाही. पिचरला एकदा उतरवलं की त्याचा सामना संपला. निर्णय कप्तानाचाही नसतो. संघाचाच गणवेश घातलेला मॅनेजर चालत येतो, बुलपेनकडे, म्हणजे राखीव पिचर हात गरम करतात तिकडे, बघून उजव्या किंवा डाव्या दंडावर थाप मारतो (उजवा हवा की डावा, एवढाच निरोप) आणि पिचरपुढे तळवा पसरतो. पिचर त्यावर चेंडू ठेवतो आणि खाली मान घालून निघून जातो. पन्नास हजार माणसांसमोर असा हिशेब चुकता करण्याची पद्धत दुसऱ्या कुठल्या खेळात मला आठवत नाही.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. जो सुरू करेल त्यानेच संपवायचं. १८८४ साली प्रॉव्हिडन्स ग्रेज संघाकडे दोन मुख्य पिचर होते, चार्ली स्वीनी आणि चार्ल्स रॅडबर्न. जुलैत स्वीनी भांडून संघाबाहेर गेला. रॅडबर्नने व्यवहार मांडला: जास्त पैसे द्या आणि हंगाम संपल्यावर मला मोकळं करा, उरलेला भार मी उचलतो. त्या हंगामात त्याने एकूण ७३ सामने सुरू केले आणि ७३ च्या ७३ पूर्ण केले. इनिंग भरल्या ६७८. जिंकले ५९ की ६० यावर अजून वाद आहे. सकाळी केस विंचरायला त्याचा हात वर जात नसे, असं सांगतात. त्या काळी पिचर आणि बॅटरमधलं अंतर ५० फूट होतं. आजचं ६० फूट ६ इंच १८९३ पासूनचं. साय यंगने कारकिर्दीत ७४९ सामने पूर्ण केले, आणि तो आकडा आता कुणी मोडेल अशी भीती नाही.

त्या लोकांचे हात काही लोखंडाचे नव्हते. ते प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकत नसत, एवढंच. एकच मळकट, नरम पडलेला चेंडू दिवसभर चालायचा, होमरन (षटकारासारखा थेट बाहेर जाणारा फटका) क्वचित व्हायची, त्यामुळे तळाच्या बॅटरना निम्म्या जोराने चेंडू टाकून भागायचं. १९२० मध्ये क्लीव्हलँडचा रे चॅपमन डोक्याला चेंडू लागून दगावला. थुंकी लावलेल्या चेंडूवर त्याच वर्षी बंदी आली होती, आणि या मृत्यूनंतर पांढरेस्वच्छ चेंडू वरचेवर बदलले जाऊ लागले. बॅटरला चेंडू दिसू लागला. त्याच सुमारास बेब रूथ होमरनच्या राशी घालू लागला आणि पिचरची विश्रांतीची जागा संपली. वॉशिंग्टनने १९२० च्या दशकात फर्पो मार्बेरीला मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवायला सुरुवात केली. तरी पुढची कित्येक वर्षं रिलीव्हर (मागाहून येणारा पिचर) म्हणजे ज्याला स्टार्टर (सामना सुरू करणारा) होणं जमलं नाही तो, अशीच समजूत होती.

मधली चाळीस वर्षं भराभर ओलांडतो. १९६८ मध्ये बॉब गिब्सनने ३४ पैकी २८ सामने पूर्ण केले आणि नऊ इनिंगमागे सरासरी फक्त १.१२ धावा दिल्या. बॅटरांची दया येऊन पुढच्या वर्षी माउंडची उंची १५ इंचांवरून १० वर आणली गेली. त्याच १९६९ मध्ये ‘सेव्ह’ ही नोंद अधिकृत झाली. आघाडी राखून सामना संपवणाऱ्या रिलीव्हरच्या नावावर ती लागते, आणि तिची कल्पना शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांची. एका पत्रकाराने मोजायला काढलेल्या गोष्टीने पुढे मॅनेजरांचे निर्णय आणि खेळाडूंचे पगार ठरवले. जे मोजलं जातं त्याला किंमत येते.

खरी कलाटणी मला ओकलंडमध्ये दिसते, आणि तीही दोनदा. १९८० मध्ये ओकलंड ए’जचा मॅनेजर होता बिली मार्टिन. त्याला आपला बुलपेन भरवशाचा वाटत नव्हता, म्हणून त्याने पाच तरुण स्टार्टरांना पिळून काढलं. त्या वर्षी ओकलंडने ९४ सामने एकाच पिचरवर पूर्ण केले. रिक लँगफर्डने एकट्याने २८, माइक नॉरिसने २४. सगळीकडे कौतुक झालं: बघा, हल्लीची पोरं नाजूक नाहीत! दोन-तीन वर्षांत त्या पाचांपैकी एकही पूर्वीसारखा उरला नाही. कुणाचा खांदा गेला, कुणाचं कोपर. दोष सगळा मार्टिनचाच होता असं ठामपणे सांगता येत नाही, पण त्यानंतर प्रत्येक मालकाच्या डोक्यात ते पाच हात घर करून राहिले.

आठ वर्षांनी त्याच मैदानावर टोनी ला रुसा नेमकी उलटी रीत घेऊन आला. डेनिस एकर्सली हा उतरणीला लागलेला स्टार्टर. त्याला ला रुसा आणि पिचिंग कोच डेव्ह डंकन यांनी फक्त नववी इनिंग दिली, तीही बहुतेक वेळा आघाडी असतानाच. आठव्यासाठी दुसरा, सातव्यासाठी तिसरा. त्याच १९८८ च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात लंगडत आलेल्या कर्क गिब्सनने एकर्सलीला होमरन मारली, तरी रीत मोडली नाही. १९९२ मध्ये एकर्सलीने ५१ सेव्ह केले आणि सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराबरोबर लीगचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. मग सगळ्यांनीच क्लोजर, म्हणजे फक्त शेवट सांभाळणारे पिचर, नेमले.

इथूनच रोस्टरचं, म्हणजे संघातल्या खेळाडूंच्या यादीचं, दुखणं सुरू होतं. नववीला एक, आठवीला एक, डावऱ्या बॅटरसाठी एक डावरा, अशी वाटणी केली की माणसं लागतात. पूर्वी २५ जणांत नऊ-दहा पिचर असत, ते पुढे बारा-तेरा झाले. जागा गेली बाकावरच्यांची: ऐनवेळी बॅट घेऊन येणारा, फक्त धावायला येणारा, तिसरा कॅचर. बाकावरच्या त्या वल्ली नाहीशा झाल्याचं दुःख जुन्या चाहत्यांना क्लोजरच्या दुखापतीपेक्षा जास्त आहे, आणि मला त्यांचं पटतं. शेवटी नियमच आणावे लागले. २०२० पासून २६ जण आणि रिलीव्हरने किमान तीन बॅटरना सामोरं जायचं. २०२२ पासून पिचर जास्तीत जास्त तेरा, आणि एका खेळाडूला हंगामात पाचदाच खालच्या लीगमध्ये धाडता येईल. या शेवटच्या नियमाआधी दमलेल्या रिलीव्हरला खाली पाठवायचं, ताज्या हाताचा वर आणायचा, असा पाण्याच्या कळशा बदलाव्यात तसा कारभार चालायचा.

पण स्नेल तर दमला नव्हता. मग कॅशने त्याला का काढलं? कारण प्रश्नच बदलला होता. पूर्वी मॅनेजर विचारायचा, याच्या हातात अजून दम आहे का? आता तो विचारतो, समोरच्यांनी याला किती वेळा पाहिलंय? नऊ बॅटरांची फळी एकदा फिरून दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा आली की तोच पिचर जास्त मार खातो. अभ्यासकांनी हजारो सामन्यांच्या नोंदी चाळून हे दाखवून दिलं, आणि त्यात थकव्याइतकाच ओळखीचा भाग आहे. फिरकी गोलंदाजाचा गुगली मनगटावरून ओळखू यायला लागावा, तसं.

याचा धडा बॉस्टनने आधीच गिरवला होता. १६ ऑक्टोबर २००३, न्यूयॉर्क, यांकीजविरुद्ध लीगच्या अंतिम मालिकेचा सातवा सामना. बॉस्टन ५-२ ने पुढे. पेड्रो मार्टिनेझचे सात इनिंगमध्ये १०० चेंडू झाले होते. डगआउटमध्ये शिरताना त्याने आकाशाकडे बोट दाखवलं, सहकाऱ्यांनी पाठ थोपटली. म्हणजे तो झाला होता मोकळा. मॅनेजर ग्रेडी लिटलने त्याला आठव्यासाठी परत पाठवलं. दोन हिट पडल्या, स्कोर ५-३ झाला, लिटल माउंडवर गेला आणि पेड्रोलाच विचारलं. आता असा पिचर कधी ‘नको’ म्हणेल? आणखी दोन डबल, ५-५. अकराव्या इनिंगमध्ये एरन बूनच्या होमरनने सगळं संपलं. पेड्रोचे १२३ चेंडू भरले होते. लिटलचा करार पुढे वाढला नाही.

तेव्हापासून कोणत्याही मॅनेजरला लिटल व्हायचं नव्हतं. टॅम्पाने तर १९ मे २०१८ ला क्लोजरचं काम केलेल्या सर्जिओ रोमोला पहिली इनिंग टाकायला लावून ‘ओपनर’ काढला. ज्या संघाने स्टार्टरची कल्पनाच उलटी केली, त्याने स्नेलला ७३ चेंडूंवर उतरवलं तर नवल काय? स्नेलने त्या अख्ख्या हंगामात एकदाही सहा इनिंग पूर्ण केल्या नव्हत्या. बेट्स आणि सीगर यांनी त्याला तिसऱ्यांदा बघायला नको, असं कॅशने सामन्यानंतर सांगितलंही.

माझा आक्षेप वेगळा आहे. स्नेलला काढलं याला मी चूक म्हणणार नाही, जरी त्या रात्री बेट्स, सीगर आणि जस्टिन टर्नर हे पहिले तिघे त्याच्यासमोर सहापैकी सहा वेळा स्ट्राइकआउट झाले होते. चूक आत कोण आला यात होती. अँडरसनने त्याआधीच्या सलग सहा सामन्यांत धावा दिल्या होत्या. तिसऱ्या फेरीचा आकडा ज्याने वाचला त्याने हा आकडा का वाचला नाही? ‘केव्हा काढायचं’ यावर शंभर वर्षं भांडणाऱ्या खेळात ‘कुणाला आणायचं’ हा प्रश्न मागच्या बाकावरच बसून राहतो.

२०२४ मध्ये सगळ्या संघांनी मिळून २८ सामने एकाच पिचरवर पूर्ण केले. ओकलंडने एका वर्षात जेवढे केले त्याच्या एक तृतीयांशही नाहीत. म्हणून २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये टोरंटोविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यात डॉजर्सच्या योशिनोबू यामामोतोने नऊच्या नऊ इनिंग टाकल्या तेव्हा लोकांना जुनं नाणं सापडल्यासारखं झालं.

त्याच मालिकेचा सातवा सामना, १ नोव्हेंबर. नववी इनिंग, ४-४ बरोबरी, एक बाद, टोरंटोचे दोघे बेसवर. डॉजर्सचा मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स चालत माउंडवर आला आणि त्याने चेंडू मागितला. चेंडू देणारा पिचर ब्लेक स्नेल होता. आता तो डॉजर्सकडून खेळत होता. आत आला यामामोतो, आदल्याच रात्री ९६ चेंडू टाकलेला. पहिल्याच बॅटरला त्याचा चेंडू लागला, बेस भरले. त्यातून तो सुटला, अकराव्या इनिंगपर्यंत टाकत राहिला आणि डॉजर्स ५-४ ने जिंकले. स्नेलला का काढलं, असं त्या रात्री कुणी विचारलं नाही.