किंग टबी आणि बेसप्रधान नृत्यसंगीत

किंग टबी (२८ जानेवारी १९४१ – ६ फेब्रुवारी १९८९). जमैकातील ध्वनितंत्रज्ञ आणि डब या संगीतप्रकाराच्या (तयार गाण्यातील गायन आणि वाद्ये काढत-घालत, घुमवत केलेले त्याचे नवे मिश्रण) जनकांपैकी एक. मूळ नाव ओस्बर्न रडॉक. तो ना गायक होता, ना वादक. रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणे हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. तरीही जंगल, ड्रम अँड बेस, डबस्टेप अशा खर्जावर उभ्या असलेल्या नृत्यसंगीताचा माग काढत गेले, की वाट बहुतेक वेळा किंग्स्टन शहराच्या वॉटरहाऊस वस्तीतील त्याच्या छोट्या स्टुडिओपाशी येते. त्याच्या चाली पुढे कोणी उचलल्या असे म्हणता येत नाही, कारण चाली त्याच्या नव्हत्याच. उचलली गेली ती त्याची काम करण्याची रीत.

१९५०च्या दशकात किंग्स्टनमधील गरीब वस्त्यांत नाचाचा कार्यक्रम म्हणजे साउंड सिस्टिम. वाद्यवृंद बोलावणे परवडत नसे. त्याऐवजी कपाटाएवढे लाकडी स्पीकर, घरी जुळवलेले ॲम्प्लिफायर आणि तबकड्या घेऊन मोकळ्या अंगणात रात्र रंगवली जाई. दोन सिस्टिम जवळपास लागल्या की चढाओढ ठरलेली. गाण्यांची निवड महत्त्वाची होतीच, पण खर्ज कोणाचा अंगावर येतो यावरही गर्दी इकडून तिकडे सरकत असे. टबी या मंडळींची यंत्रे दुरुस्त करी, नवी बांधून देई आणि पुढे त्याने स्वतःची ‘होमटाउन हाय-फाय’ ही सिस्टिम काढली. खर्ज आणि तार स्वरांचे भाग वेगळे करून ते निरनिराळ्या ॲम्प्लिफायरांतून वाजवणे, चालू गाण्यावर एको (प्रतिध्वनी) आणि रिव्हर्ब (घुमारा) सोडणे, हे तो मैदानातच करू लागला. यू-रॉय हा त्याचा डीजे. जमैकात डीजे म्हणजे तबकडी लावणारा नव्हे, तर तिच्यावर माइकवरून लयीत बोलणारा. तबकडी लावणाऱ्याला तिथे सिलेक्टर म्हणतात.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस टबी निर्माता ड्यूक रीड याच्याकडे तबकड्या कापण्याचे काम करत होता. साउंड सिस्टिमसाठी लाखेचा थर दिलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर एकच प्रत कापून दिली जाई, हीच डबप्लेट. थोड्याच वेळा वाजवून ती झिजते, पण बाजारात नसलेले गाणे फक्त आपल्याकडे आहे, हा रुबाब त्या झिजेपेक्षा मोठा होता. याच सुमारास गायकाचा आवाज वगळलेल्या डबप्लेट नाचात वाजू लागल्या. स्पॅनिश टाउनचा सिस्टिमवाला रडी रेडवूड याच्यासाठी तबकडी कापताना गायन चुकून राहून गेले आणि ऐकणाऱ्यांनी ती पोकळ जागा स्वतः गाऊन भरून काढली, अशी हकिकत सांगतात. लवकरच सिंगलच्या, म्हणजे एका गाण्याच्या तबकडीच्या, मागच्या बाजूला गायनाविना ‘व्हर्शन’ छापण्याची प्रथा पडली. यामागे कलेइतकाच हिशेबही होता: वादकांना पुन्हा पैसे न देता निर्मात्याला दुसरी बाजू फुकट मिळे.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला निर्माता बनी ली याच्या मदतीने टबीने डायनॅमिक या मोठ्या स्टुडिओने काढून टाकलेला चार ट्रॅकचा एमसीआय मिक्सर विकत घेतला आणि ड्रोमिली ॲव्हेन्यूवरील घरात बसवला. वादक बसवायला तिथे जागाच नव्हती. ठेका आणि बेस दुसऱ्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित होऊन टेपवर येत. टबीकडे फक्त गायन चढवायचे आणि मिश्रण करायचे. हा तोटाच त्याच्या पथ्यावर पडला. चार ट्रॅक म्हणजे चार फेडर (आवाज कमीजास्त करणाऱ्या सरकत्या खुंट्या), आणि तेवढ्यांवर दहा बोटे सहज फिरतात. टेप चालू असताना तो गायनाचा फेडर खाली ओढी. एखादा शब्द अर्धवट सुटून एकोत विरून जाई. मग गिटार आणि ऑर्गन नाहीसे होत, उरत फक्त बेस आणि ड्रम. मध्येच ड्रमही जाई आणि क्षणभर एकटा बेस चालत राही. रिव्हर्बच्या स्प्रिंगला धक्का देऊन तो गडगडाट काढी. या मिक्सरवरील एक मोठी खुंटी विशेष गाजली: पायऱ्यापायऱ्यांनी फिरणारा हा हाय-पास फिल्टर (फक्त वरचा नाद जाऊ देणारी चाळणी) सुमारे ७० हर्ट्झपासून साडेसात किलोहर्ट्झपर्यंत खालचा नाद कापत नेई. ती फिरवली की झांजा आणि गिटार कागदासारखे पातळ होत जात, आणि खुंटी मागे आणली की सगळा खर्ज एकदम परत कोसळे. आजच्या क्लबांमधील ‘ड्रॉप’ची ही जुनी तालीम होती, असे म्हणायला हरकत नाही. प्रत्येक मिश्रण त्याच क्षणी हाताने होत असल्याने तेच पुन्हा जसेच्या तसे करणे शक्य नव्हते, आणि त्याची गरजही कोणाला वाटत नव्हती.

जमैकाचा वादक ऑगस्टस पाब्लो याचा ‘किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन’ (१९७६) हा संग्रह या पद्धतीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना आहे. मात्र डबचा शोध एकट्या टबीने लावला, हे विधान सैल आहे. एरल थॉम्पसन आणि ली पेरी हे जमैकाचेच ध्वनिमिश्रक त्याच काळात त्याच दिशेने चालले होते. टबीचे वेगळेपण असे, की तो यंत्र आतून ओळखत होता आणि ते बिघडवण्याची त्याला भीती नव्हती. त्याच्या हाताखाली तयार झालेल्यांत प्रिन्स जॅमी आणि सायंटिस्ट हे दोघे प्रमुख. १९८५ साली जॅमीने वेन स्मिथ या गायकाबरोबर ‘अंडर मी स्लेंग टेंग’ हे गाणे काढले. त्याचा ठेका आणि बेस कॅसिओ एमटी-४० या छोट्या कीबोर्डमधील तयार नमुन्यावर बेतलेला होता. यानंतर जमैकाचे संगीत झपाट्याने संगणकीय झाले, आणि टबीनेही नवा स्टुडिओ उभारून त्या वळणाचे काम सुरू केले. ६ फेब्रुवारी १९८९ रोजी किंग्स्टनमध्ये त्याच्या घराबाहेर गोळ्या झाडून त्याची हत्या झाली.

टबीची रीत ब्रिटनला पोचली ती स्थलांतरितांबरोबर. १९४८नंतर कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कुटुंबांना लंडनच्या अनेक क्लबांत प्रवेश नाकारला जाई. म्हणून ब्रिक्स्टन, ब्रिस्टलचे सेंट पॉल्स, बर्मिंगहॅमचे हँड्सवर्थ अशा वस्त्यांत तळघरांतून साउंड सिस्टिम सुरू झाल्या. लंडनमधील जाह शाका याची सिस्टिम तर डबचे विद्यापीठच ठरली: दिवे मंद, रात्रभर तबकड्या लावणारा एकच माणूस, आणि छातीत शिरणारा बेस. ब्रिस्टलच्या ‘वाइल्ड बंच’ या सिस्टिममधून ‘मॅसिव्ह अटॅक’ हा गट निघाला. गयानात जन्मलेल्या मॅड प्रोफेसरने १९९५ साली त्यांच्या ‘प्रोटेक्शन’ या संग्रहाचे सबंध डब रूप ‘नो प्रोटेक्शन’ नावाने काढले.

१९९०च्या दशकाच्या आरंभी लंडनमध्ये घडलेल्या जंगल या प्रकारात टबीचा वारसा स्पष्ट ऐकू येतो. ड्रम मिनिटाला १६० ठोक्यांच्या वर धावतात. त्यांतील बरेचसे १९६९च्या ‘आमेन, ब्रदर’ या गाण्यातील काही सेकंदांच्या ड्रमच्या तुकड्याचे बारीक कापलेले अवशेष असतात. पण खालचा बेस त्याच्या निम्म्या गतीने, रेगे या जमैकन संगीताच्या चालीने चालतो. पाय कोणत्या लयीला द्यायचे हे नाचणाऱ्याने ठरवायचे. ध्वनीबरोबर व्यवहारही आला. नवे गाणे आधी डबप्लेटवर कापून मोजक्या डीजेंना (इथे अर्थ तबकडी लावणारे) देणे, माइकवर बोलणारा एमसी, आणि गर्दी खवळली की तबकडी मागे फिरवून पुन्हा पहिल्यापासून लावणे, ही सगळी किंग्स्टनच्या अंगणातली रीत. योगायोग असा, की मँचेस्टरच्या ‘ब्लड अँड फायर’ कंपनीने टबीची जुनी मिश्रणे सीडीवर पुन्हा आणली तीही याच दशकात.

२०००नंतर दक्षिण लंडनच्या क्रॉयडनमध्ये ‘बिग ॲपल’ या तबकड्यांच्या दुकानाभोवती जमलेल्या स्क्रीम, बेंगा, हॅचा आदी मुलांनी डबस्टेप घडवला. वेग मिनिटाला सुमारे १४० ठोके, पण स्नेअर हा कडक वाजणारा ड्रम तिसऱ्या मात्रेवर एकदाच पडत असल्याने तो निम्माच भासतो. मधली जागा मोकळी, आणि तिच्या तळाशी साध्या स्पीकरवर धड ऐकूही न येणारा अतिखर्ज. माला, कोकी आणि लोफा यांनी २००५ साली ब्रिक्स्टनमध्ये सुरू केलेल्या ‘डीएमझेड’ या रात्रीचे आवाहनच ‘बेसच्या वजनावर ध्यान लावा’ अशा अर्थाचे होते. टबीशी सर्वांत जवळचे नाते याच शाखेचे आहे. कारण काय घालायचे यापेक्षा काय काढायचे याचा विचार तिथे आधी होतो. २०१०च्या सुमारास अमेरिकेत स्क्रिलेक्स या संगीतनिर्मात्यामुळे लोकप्रिय झालेला डबस्टेप मात्र मध्यम पट्टीतील गुरगुराटाने प्रत्येक फट बुजवतो. नावात डब असला, तरी तिथे टबीचा धागा सर्वांत क्षीण आहे. उलट बर्लिनच्या ‘बेसिक चॅनल’ या जोडीने १९९३पासून केलेल्या टेक्नो या यांत्रिक नृत्यसंगीतात बेस फार बोजड नाही, पण एकोत विरत जाणारे सूर थेट वॉटरहाऊसची आठवण करून देतात. प्रभावाची मोजणी नुसत्या खर्जाने केली तर हे नाते हातून सुटते.

भारताशी या परंपरेचा संबंध बहुतांशी लंडनमार्गे आला. दक्षिण आशियाई वंशाच्या तरुणांच्या पुढाकाराने १९९३ साली तिथे निघालेल्या ‘एशियन डब फाउंडेशन’ या गटाने डबचा बेस आणि जंगलचे ड्रम यांना राजकीय आशयाची जोड दिली. गोव्यात २०१६ साली ‘गोवा सनस्प्लॅश’ हा रेगे महोत्सव सुरू झाला. महाराष्ट्रातील मिरवणुकांत दिसणारी डॉल्बीची भिंत जमैकाच्या सिस्टिमची बहीण वाटते खरी, पण तिची वंशावळ वेगळी आहे. ती तयार गाणे मोठ्याने वाजवते; टबीच्या सिस्टिमवर आणि मिक्सरवर गाणे उसवले जाई.