४९:१ की ९:१: एका टोकाने फीड होणाऱ्या दोन तारा

हॅम (हौशी) रेडिओचा अँटेना: गच्चीच्या कठड्यापासून आंब्याच्या शेंड्यापर्यंत गेलेली तार, तिच्या मुळाशी प्लास्टिकची डबी, डबीतून खाली सेटकडे उतरलेली कोॲक्स (जाळीचं आवरण असलेली केबल). ४९:१ ट्रान्सफॉर्मरची हाफ-वेव्ह (अर्ध्या लहरीएवढी तार) आणि ९:१ अनअनची (हाही ट्रान्सफॉर्मरच) रँडम वायर लांबून पाहता वेगळ्या ओळखू येत नाहीत. फरक तारेच्या लांबीत आहे, आणि डबी कोणती हे लांबीच ठरवते. आधी डबी घेऊन मग जागा असेल तेवढी तार जोडली, की वॉट केबलमध्ये आणि फेराइटमध्ये जिरतात.

हाफ-वेव्ह तार ४० मीटर बँडसाठी साधारण २० मीटर लांब असते. टोकाशी तिचा इम्पीडन्स (रेडिओ प्रवाहाला होणारा विरोध) २५०० ओहमच्या आसपास असतो. ४९ ने भागला की सेट आणि कोॲक्सला हवे असलेले ५० ओहम मिळतात. हीच तार २०, १५ आणि १० मीटरवर अर्ध्या लहरीच्या पूर्ण पटीत बसते, म्हणून चार बँड ट्यूनरशिवाय (सेट आणि अँटेनाचा इम्पीडन्स जुळवणाऱ्या उपकरणाशिवाय) चालतात. ३०, १७ आणि १२ मीटर मात्र यात येत नाहीत. ट्यूनर लावून जबरदस्तीने आणले तर ट्रान्सफॉर्मर तापतो.

ट्रान्सफॉर्मर घरी गुंडाळता येतो. एफटी-२४०-४३ कोअर (फेराइटचं कडं), १ मिलिमीटरची इनॅमलची तांब्याची तार (पंपाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्याकडे मिळते), सेकंडरीला १४ वेढे, प्रायमरीला २. प्रायमरीचे दोन वेढे सेकंडरीच्या पहिल्या दोन वेढ्यांबरोबर घट्ट पिळून घ्या. प्रायमरीवर १०० पिकोफॅरडचा, किमान १ किलोव्होल्टचा कपॅसिटर लावा. तो नसला तर १५ आणि १० मीटरवर एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडली याचं माप; १ म्हणजे अचूक) चढतो. लाल रंगाचा लोखंडी भुकटीचा कोअर स्वस्त मिळाला तरी इथे उपयोगाचा नाही: त्याची पर्मिअॅबिलिटी (चुंबकीय क्षेत्र धरण्याची क्षमता) इतकी कमी, की दोन वेढ्यांत पुरेसा इंडक्टन्स येतच नाही. कोअर छोटा, एफटी-१४०-४३ असेल, तर एफटी-८ (संगणकावरून चालणारा डिजिटल मोड) सारख्या सलग प्रसारणाला २०-३० वॉटच्या पुढे जाऊ नका.

तार कापताना २०.५ मीटरपासून सुरुवात करा, कापण्याऐवजी टोक मागे दुमडून बांधा. १० सेंटिमीटरने ७ मेगाहर्ट्झवर (म्हणजे ४० मीटर बँडवर) सुमारे ३५ किलोहर्ट्झ सरकतात, १४ वर (२० मीटर बँडवर) त्याच्या दुप्पट. वरचे बँड नेमक्या पटीपेक्षा थोडे वर पडतात, म्हणून ७.१ वर अचूक बसवण्याचा हट्ट सोडून ७.०५ च्या आसपास थांबलेलं बरं. २० मीटरवरचा रेझोनन्स मग बँडच्या आत राहतो.

रँडम वायरचं गणित उलटं आहे. तिची लांबी कुठल्याच बँडवर अर्ध्या लहरीच्या जवळ जाऊ नये, म्हणून १२.५ किंवा १७.७ मीटर अशा लांब्या प्रचलित आहेत. इम्पीडन्स मग काहीशे ओहममध्ये राहतो, ९:१ तो खाली आणतो आणि उरलेलं ट्यूनर सांभाळतो. ट्यूनर इथे लागतोच. बेळगावच्या शहापूर किंवा टिळकवाडीतल्या अरुंद घरात, जिथे २० मीटर सरळ जागा मिळत नाही आणि ३० व १७ मीटर बँडही हवे आहेत, तिथे ही निवड योग्य. पण कोॲक्स आखूड ठेवा. ३० मीटर आरजी-५८ (बारीक कोॲक्स) नुसत्या जुळलेल्या लोडवरही २८ मेगाहर्ट्झला सुमारे अडीच डीबी खाते. एसडब्ल्यूआर ५ असेल तर आणखी. शॅकमधल्या (सेट ठेवलेल्या खोलीतल्या) मीटरवर तो कमी दिसतो, कारण परत येणारी शक्तीही केबलच खाते.

अदलाबदल केली तर काय होतं ते आकड्यांतच बघा. २० मीटरची तार ९:१ ला जोडली, की २४५० भागिले ९ म्हणजे सुमारे २७० ओहम. ४५० ओहमची रँडम वायर ४९:१ ला जोडली, की ९ ओहम. दोन्हीकडे एसडब्ल्यूआर पाचच्या वर.

काऊंटरपॉइजकडे (अर्थिंगसारखं काम करणाऱ्या परतीच्या तारेकडे) सर्वात जास्त दुर्लक्ष होतं. हाफ-वेव्हला २ मीटरची एक तार पुरते, नाहीतर कोॲक्सची जाळीच ते काम करते; डबीपासून २ मीटरवर चोक (जाळीच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारं वेटोळं) लावला की पुढची केबल शांत राहते. रँडम वायरला ५ ते ८ मीटरच्या तीन-चार तारा हव्यातच. बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी-अथणीच्या काळ्या मातीत ओल असेपर्यंत अर्थिंगची सळई बरी साथ देते; खानापूरच्या जांभ्यात तिच्यावर भिस्त ठेवू नका, तारा पसरा. नाहीतर आरएफ (रेडिओ लहरींचा प्रवाह) केबलवरून शॅकमध्ये येतं आणि मायक्रोफोनचं धातूचं कवच ओठांना चावतं.

हाफ-वेव्हच्या दोन्ही टोकांना व्होल्टेज जास्त असतं: १०० वॉटला शिखर सुमारे ७०० व्होल्ट. आषाढात भिजलेली फांदी दूरच्या टोकाला टेकली की रेझोनन्स खाली घसरतो, म्हणून तिथे मीटरभर नायलॉनची दोरी सोडा आणि डबी मुलांच्या हाताला लागणार नाही एवढी उंच बांधा. विजेच्या लाईनवरून किंवा खालून तार कधीच नेऊ नका, ती तुटून पडेल त्या अंतराचाही हिशेब करा. आणि वळवाचे ढग दिसले की कोॲक्स सेटमधून काढून खिडकीबाहेर सोडा, गडगडाट ऐकू येण्याची वाट न पाहता.