खोडदची रेडिओ दुर्बीण : शालेय भेटी व खगोलशिक्षण

पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडद येथील ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ (जीएमआरटी) या वेधशाळेस शाळांनी दिलेल्या भेटी आणि त्यांच्या आधारे होणारे खगोलविज्ञानाचे शिक्षण. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ही दुर्बीण रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारली. तिच्या प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांपैकी 14 मध्यवर्ती भागात जवळजवळ असून, उरलेल्या 16 इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या तीन भुजांवर, सुमारे 25 किमी. विस्तारात, शेतशिवारांमधून उभ्या आहेत.

दुर्बीण म्हटली की नळीला डोळा लावून शनीची कडी पाहायची, अशीच मुलांची समजूत असते. खोडदला डोळा लावण्याजोगे काहीच नसते. अँटेनांनी टिपलेले अतिक्षीण रेडिओ संकेत एकत्र आणून त्यांवर संगणकीय प्रक्रिया केल्यावरच आकाशातील स्रोताची प्रतिमा तयार होते, आणि हे काम भर दुपारीही चालते. हा अपेक्षाभंगच भेटीतील सर्वांत मोलाचा धडा म्हणावा लागेल, कारण प्रकाश हा विद्युतचुंबकीय तरंगांचा केवळ एक लहानसा पट्टा आहे, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य येथे पटते.

अँटेनांचे पृष्ठभाग सलग पत्र्याचे नसून तारांच्या जाळीचे आहेत. जाळीची छिद्रे तरंगलांबीच्या मानाने फार लहान असल्याने रेडिओ तरंग तिच्यावरून परावर्तित होतात. वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका व कमी खर्चाचा ठेवता आला. भेटीच्या वेळी मोबाइल बंद ठेवावे लागतात, आणि त्याचे कारण मुलांना बहुधा लगेच उमगते : दूरच्या दीर्घिकेतील हायड्रोजनचा किंवा स्पंदकाचा (नियमित अंतराने रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्याचा, म्हणजे पल्सरचा) क्षीण संकेत जवळच्या फोनपुढे टिकत नाही.

रामन परिणामाच्या शोधाचे स्मरण म्हणून 28 फेब्रुवारीला साजऱ्या होणाऱ्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त वेधशाळा सर्वांसाठी खुली केली जाते. त्या वेळी भरणाऱ्या प्रदर्शनात परिसरातील शाळांचे विद्यार्थी स्वतः केलेली उपकरणे व प्रयोग मांडतात, संशोधकांच्या प्रश्नांना उत्तरेही देतात. एरवीच्या सहलीत ऐकणारी मुले येथे सांगणारी होतात.

भेटीची तयारी वर्गातही करता येते. साधा रेडिओ मध्यमलहरींवर, स्थानक नसलेल्या जागी लावून शेजारी दिव्याचे बटण चालू-बंद केल्यास खरखर ऐकू येते. तीच खरखर वेधशाळेच्या भाषेत ‘व्यत्यय’ होय.