१२३४५६७८९८७६५४३२१ (संख्या)

१२३४५६७८९८७६५४३२१ ही १७ अंकी संख्या डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून, सारखीच येते. ९ वेळा १ लिहिला की जी संख्या होते, म्हणजे १११११११११, तिचा हा वर्ग. तोंडानं म्हणायची तर १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१, आणि जुन्या नावांनी १ मध्य, २ अंत्य, ३ जलधी असं उतरत यायचं.

असल्या संख्यांना डेम्लो संख्या म्हणतात. नाव दिलं द. रा. कापरेकरांनी, देवळालीचे शाळामास्तर, ६१७४ ला ज्यांच्या नावानं कापरेकर स्थिरांक म्हणतात तेच. डोंबिवली स्टेशनला पूर्वी डेम्लो म्हणायचे आणि कल्पना तिथं सुचली म्हणून हे नाव.

असं का होतं ते उभा गुणाकार मांडला की लगेच दिसतं. एकाखाली एक ९ ओळी, सगळ्या १ च्या, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली, मग उभ्या रकान्यांच्या बेरजा १, २, ३ करत मधे ९ होतात आणि परत उतरतात, ९ च्या पुढं जातच नाहीत त्यामुळं हातचा कुठंच येत नाही. १० वेळा १ घेतला की मधे १० होतात, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१, जोडी मोडली. कोल्हापुरात स्कॉलरशिपला बसणाऱ्या पोरांकडनं हे वहीवरच करून घ्यावं असं माझं ठाम मत आहे, कारण साध्या कॅल्क्युलेटरवर १७ अंक मावत नाहीत आणि एक्सेल तर १५ अंकांनंतर शून्यं टाकतं, शेवटचे २१ जाऊन ०० होतात.

मूळ अवयव पाडले तर ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग, बस्स. एकूण विभाजक ४५. यातली ३३३६६७ लई भारी मूळ संख्या आहे बघा, १ ला तिनं भागलं की दशांशात ९ अंकांचा गट परत परत येतो, आणि बरोबर ९ अंकांचं आवर्तन देणारी मूळ संख्या ही एवढी एकच.

अंकांची बेरीज ८१, आणि ८१ नं संख्येला पूर्ण भाग जातो. अशा संख्येला कापरेकरांनीच हर्षद नाव दिलं. हे प्रत्येक संख्येला जमत नाही, आपल्या कोल्हापूरचा पिनकोड ४१६००१ घ्या, बेरीज १२, पण संख्या विषम म्हणून १२ नं भाग जाणारच नाही, शिवाजी विद्यापीठाचा ४१६००४ घेतला तर बेरीज १५ आणि शेवटी ४, तिथंही नाही. इथं मात्र ८१ नं भागून येतं १२३४५६७९ चा वर्ग, ८ गाळलेली तीच प्रसिद्ध संख्या. तिला ८१ नं गुणलं की ९९९९९९९९९, आणि म्हणूनच १ भागिले ८१ केलं की ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असं चालूच राहतं.