टिफ्रॅक

टिफ्रॅक : मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आराखड्यापासून जुळणीपर्यंत घडवलेला, निर्वात नलिकांवर (विद्युत प्रवाह चालू-बंद करणाऱ्या, हवा काढलेल्या काचेच्या नळ्यांवर) चालणारा अंकीय संगणक. ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च ऑटोमॅटिक कॅल्क्युलेटर’ या लांबलचक नावाचे हे लघुरूप. संस्थेच्या कुलाब्यातील वास्तूचे उद्‌घाटन १५ जानेवारी १९६२ रोजी झाले, त्या वेळी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी यंत्राचे हे नामकरण केले. यंत्र मात्र त्याआधी सुमारे दोन वर्षे बिननावानेच काम करीत होते.

‘भारतातील पहिला संगणक’ हे बिरुद त्याला सर्रास लावले जाते. ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५३ च्या सुमारास एक सदृश संगणक (अंकांऐवजी विद्युत दाबासारख्या सलग बदलणाऱ्या राशींवर चालणारा) बनवला गेला होता. तिथेच १९५५-५६ मध्ये ब्रिटनहून आणलेले एचईसी-२एम हे अंकीय यंत्र बसवले गेले. म्हणजे ‘पहिला’ कोणता, हे पुढे कोणते विशेषण जोडता यावर ठरते. टिफ्रॅकच्या कालगणनेतही असाच घोळ आहे. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील गटाने आधी छोटे पथदर्शी यंत्र केले व ते १९५६ च्या अखेरीस चालू झाले. पूर्ण आकाराचे यंत्र फेब्रुवारी १९६० मध्ये कार्यान्वित झाले. काही लेखक पहिली तारीख धरतात, काही दुसरी, तर काही थेट नामकरणाची. भारतात रचलेला व बांधलेला पहिला पूर्ण आकाराचा सर्वोपयोगी अंकीय संगणक, एवढेच म्हणून १९६० हे वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

यंत्रात सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. रचना अमेरिकेतील प्रिन्स्टनच्या ‘इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडी’ (आयएएस) या संस्थेतील संगणकाच्या घराण्यातली, शब्दलांबी (यंत्र एका वेळी हाताळते तो माहितीचा तुकडा) ४० बिट, म्हणजे शून्य-एकचे ४० अंक. मूळ आयएएस यंत्राची स्मृती ऋण किरण नलिकांवर होती. मुंबईच्या गटाने फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या कड्या वापरल्या. स्मृती २,०४८ शब्दांची, म्हणजे ८१,९२० बिट, आजच्या भाषेत १० किलोबाइट. मोबाइलवरचा साधा फोटोही यात मावणार नाही.

बिटामागे एक, अशा या चिमुकल्या कड्या आडव्या-उभ्या तारांच्या जाळीत मण्यांसारख्या ओवलेल्या असत. कडीचे चुंबकन एका दिशेला असले तर शून्य, उलट दिशेला असले तर एक. निवडलेल्या आडव्या आणि उभ्या तारेतून प्रत्येकी निम्मा प्रवाह सोडला की दोन्ही जिथे छेदतात तेवढीच कडी उलटते. निम्म्या प्रवाहाला बाकीच्या दाद देत नाहीत. वाचन मात्र विध्वंसक असे. कडी शून्याकडे ढकलायची. ती उलटली तर संवेदक तारेत स्पंद उमटतो, म्हणजे आत ‘एक’ होता. मग तो पुसला गेलेला ‘एक’ लगेच पुन्हा लिहायचा. वीज गेली तरी चुंबकन टिकते, हा या पद्धतीचा मोठा गुण. निर्वात नलिकांचे तसे नव्हते : त्यांचे तंतू सतत तापलेले ठेवावे लागत आणि वापराने त्या निकामी होत.

खरी अडचण काळाची होती. यंत्र कार्यान्वित झाले तोवर परदेशी कंपन्यांचे, नलिकांची जागा घेणाऱ्या छोट्या ट्रान्झिस्टरवरचे संगणक बाजारात आले होते. संस्थेतच १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा ४८-बिटी ट्रान्झिस्टर संगणक बसवला गेला आणि त्याच सुमारास टिफ्रॅक निवृत्त झाला.

मुंबईतील पुढचे प्रयत्न वेगळ्या वळणाचे आहेत. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने १९९१ मध्ये ‘अनुपम’ हा समांतर (अनेक प्रक्रियक एकाच वेळी राबवणारा) संगणक केला तो इंटेलचे आयते आय८६० प्रक्रियक जोडून. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘अजित’ हा ३२-बिटी सूक्ष्मप्रक्रियक इथेच रचलेला आहे. त्याचा आज्ञासंच (प्रक्रियकाला कळणाऱ्या आज्ञांचा संच) मात्र स्पार्क व्ही८ हा अमेरिकी, आणि चिप घडली मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत, १८० नॅनोमीटर तंत्राने.